आमचा नंबर गुरुवारी

आमच्या हिनोसावा गावाचं रुग्णालय माझ्या घरापासून आठ मिनिटांवर आहे. हे मी अंदाजाने सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना, म्हणजे तोकुजी इवाबुचींना, शेतात छातीत कळ आली. मुळे वाहायची हातगाडी हाताशी होती, तिच्यातच त्यांना घातलं आणि उतारावरून ढकलत नेलं. नर्सबाईंनी वेळ लिहून घेतली म्हणून कळलं, आठ मिनिटं लागली होती. डॉक्टर म्हणाले, घाटापलीकडच्या शहरात न्यायची वेळ आली असती तर दीड तासाचा रस्ता, वाटेतच संपलं असतं. तेव्हापासून मी देवळात गेले की दुसरं काही मागत नाही. ती आठ मिनिटं आहेत तशी राहू देत, एवढंच म्हणते.

त्या वेळी रुग्णालयात चार डॉक्टर होते. मग एक शहरात गेला, एक म्हातारा झाला, एकाच्या बायकोला इथली थंडी मानवेना. उरले एकटे हायासाका सेन्सेई, डॉक्टरांना आम्ही सेन्सेईच म्हणतो. वय त्रेचाळीस, पण दोन वर्षांत केस असे पिकले की गावातल्या म्हाताऱ्या त्यांना आपल्यातलेच समजायला लागल्या.

गावात तीन हजार माणसं, निम्मी सत्तरीच्या पुढची. म्हणजे आम्ही. आणि खरं सांगायचं तर आम्ही रुग्णालयात आजारासाठी थोडंच जात होतो? सकाळी आठला दार उघडायचं, साडेसातला आम्ही रांगेत. बाकडी कडक, म्हणून प्रत्येकीने घरून उशी आणून ठेवली होती, ती तिथेच असायची. माझी निळी, शेजारच्या तोमे सासागावांची शेवंतीच्या फुलांची. डब्यातून मुळ्याचं लोणचं यायचं, कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते कळायचं, जाता जाता रक्तदाब मोजून व्हायचा. घरी शेगडी पेटवायला नको, तिथे आयती ऊब. रोज साठ माणसं. सेन्सेई एकटे.

एप्रिलमधली गोष्ट. माझा खोकला काही मोठा नव्हता, पण गेले होते. सेन्सेईंनी स्टेथोस्कोप पाठीला लावला आणि म्हणाले, "श्वास घ्या."

मी घेतला. "सोडा" काही येईना. आपल्या मनाने सोडणं बरं दिसेना, म्हणून मी धरून बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मग पाठीवर काहीतरी जड टेकलं. सेन्सेईंचं कपाळ होतं ते. माणूस बसल्या बसल्या झोपला होता.

मी श्वास हळूहळू, आवाज न करता सोडला आणि तशीच बसून राहिले. नर्सबाई डोकावल्या, मी ओठांवर बोट ठेवलं, त्या पडदा ओढून गेल्या. वीस मिनिटं मी त्या मुलाला पाठीवर घेऊन बसले होते. उठल्यावर त्यांनी इतक्यांदा माफी मागितली की मलाच चोरट्यासारखं झालं.

बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं, "अहो, आपण ह्या माणसाला खाऊन टाकतोय."

तोमे-सान शहाऐंशी वर्षांच्या, त्यांनी तोंडातला मुळा चावायचासुद्धा थांबवला.

चार दिवसांनी आळीच्या सभागृहात बैठक झाली. बोलावली ओनोदेरा-सान यांनी. हे निवृत्त मुख्याध्यापक, आता आळीचे प्रमुख. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी समोर चार माणसं दिसली की त्यांना आधी हजेरी घ्यावीशी वाटते. ते म्हणाले, "सरकार काही करणार नाही. यंत्रणा मोडली असेल तर ती आपण साध्या माणसांनी दुरुस्त करायची. उद्यापासून किरकोळ दुखण्याला कोणी रुग्णालयात जायचं नाही."

"किरकोळ कुठलं ते कसं ओळखायचं?" तोकुजींनी विचारलं.

"ज्याने माणूस मरत नाही ते किरकोळ."

"ते मेल्यावरच कळणार की हो," तोकुजी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले.

ठरलेलं सगळं फिरत्या पाटीवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस वर्षं पोस्टात होते, माझ्यासारखं अक्षर गावात कोणाचं नाही, हे मी नाही, गाव म्हणतं. पाटी म्हणजे पुठ्ठ्याला लावलेले कागद. एका घराने वाचायचे, शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायचे, अशी ती बावीस घरं फिरते. मी ब्रशने लिहिलं, 'सेन्सेईंना जपू या.' खाली बावीस चौकोन आखले. या महिन्यात घरातून किती वेळा रुग्णालयात गेलात तो आकडा चौकोनात लिहायचा. सक्ती अजिबात नव्हती. फक्त शेजाऱ्याला दिसणार होतं.

मे महिन्यात चौकोनांत तीन-चार-पाच असे आकडे आले. जूनमध्ये एक आणि दोन. जुलैमध्ये पाटी फिरून परत आली तेव्हा ओळीने बावीस शून्यं. इतकी सुरेख शून्यं मी पोस्टात असतानाही पाहिली नव्हती. बाकीच्या आळ्यांनी आमचा कागद मागून नेला आणि त्याच्या प्रती काढल्या.

उशा आम्ही घरी घेऊन आलो. स्वच्छ धुतल्या, उन्हात टाकल्या. रिकामी बाकडी पाहून नर्सबाई म्हणे रडल्या. आनंदानेच, असं आम्ही धरून चाललो. सेन्सेई स्वतः सभागृहात आले, कंबरेतून वाकून आभार मानले आणि म्हणाले, "आता मला दुपारी जेवायला वेळ मिळतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत ओनोदेरा-सान पुढे, सेन्सेई मागे आणि माझी पाटी मधोमध.

आता आजार थांबले होते का? माझा गुडघा ऑगस्टमध्ये असा सुजला की जिना चढवेना. मंगळवारच्या बसने मी शहरात गेले, घरी सांगितलं सुया-दोरा आणायचाय. बसमध्ये आमच्या आळीचे नऊ जण. सगळेच खरेदीला निघालेले. शहराच्या मोठ्या रुग्णालयात मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली तर शेजारी टोपी आणि मास्कमध्ये ओनोदेरा-सान.

"खरेदीला?" मी विचारलं.

"हो. बायकोला चपला घ्यायच्यात."

"मिळाल्या का?"

"अजून हाक मारली नाही," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचायला लागले.

तोकुजी मात्र शहरात येत नसत. घाटात त्यांना गाडी लागते. त्यांच्या हृदयाची दर तीन महिन्यांची तपासणी जूनमध्ये होती, ती त्यांनी टाळली. सप्टेंबरची पण टाळली. गोळ्या पुरवून घ्यायला लागले, म्हणजे एका गोळीचे सुरीने दोन तुकडे. मला माहीत होतं. मी एकदा म्हटलं, "अहो, निदान गोळ्या तरी आणा." तर म्हणाले, "पाटी लिहिणारीच्या घरचा आकडा वर गेला तर लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची भीती त्यांना नव्हती हो, मला होती. म्हणून मी गप्प बसले.

ऑक्टोबरमध्ये प्रांताच्या आरोग्य खात्याचे कागेयामा-सान आले. तिशीतला मुलगा, इतका नम्र की त्याच्यावर चिडायची सोय नाही. सभागृहात त्याने पडद्यावर एक आलेख दाखवला. रेघ डोंगराच्या माथ्यावरून निघाली होती आणि सरळ नदीत उतरली होती.

"दिवसाला साठ रुग्णांवरून आपण चौदावर आला आहात," तो म्हणाला. "हिनोसावाच्या प्रकृतीबद्दल मी आपलं मनापासून अभिनंदन करतो. अर्थात एवढ्या निरोगी गावात रुग्णालय ठेवणं आता योग्य ठरणार नाही. मार्चअखेर ते बंद होईल आणि हायासाका सेन्सेई शहरात जातील."

आठ मिनिटं, आठ मिनिटं, असं माझ्या डोक्यात नुसतं वाजत होतं. शेवटी तोमे-सान यांनी हात वर केला. "साहेब, आम्ही बरे नाही आहोत हो. आम्ही नुसतं येत नव्हतो."

"तशी नोंद नाही," तो हळहळून म्हणाला. मग आमची तोंडं पाहून त्याने फाइल चाळली. "नोव्हेंबरचा आकडा शेवटचा धरला जाईल. महिन्यात आठशे तपासण्या झाल्या तर फेरविचार होऊ शकतो."

तो गेल्यावर ओनोदेरा-सान उठले. असा माणूस संकटात खुलतो. वीस दिवस, रोज चाळीस. एकोणचाळीस झाले तर रुग्णालय जाईल, एक्केचाळीस झाले तर सेन्सेई दमतील. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांना आळीवार नंबर द्यायचे, घरटी एक, ज्याचा जो दिवस त्याने त्याच दिवशी आजारी पडायचं.

"आणि मध्येच कोणाला खरंच काही झालं तर?" तोकुजींनी विचारलं.

"तोकुजी-सान, तुम्ही शाळेतही असेच होता," ओनोदेरा-सान म्हणाले. दोघं एकाच वर्गात शिकले, ओनोदेरा-सान मॉनिटर, आमचे हे तीन बाकं मागे.

मी पुन्हा ब्रश काढला. जुन्या शून्यांच्या कागदावर नवा कागद लावला. आळीच्या बावीस घरांचे वार मीच लिहिले. आमचा गुरुवार आला, चौदा तारीख.

गाव नुसतं हौसेने पेटलं. उशा परत बाकड्यांवर आल्या. दाराशी टेबल टाकून ओनोदेरा-सान यादीवर खुणा करायचे. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं त्यांनी जुनी दुखणी उकरून काढली. कोणी एकोणीस वर्षांपूर्वी मोडलेला अंगठा दाखवला. सेन्सेई सगळं ऐकून घ्यायचे, लिहायचे, मान हलवायचे. त्यांना ठाऊक होतं की नाही? होतंच. पण एवढं मनापासून कोणी आजारी पडत असेल तर त्याला खोटं पाडायचं कसं, असं त्यांना वाटलं असणार.

सोमवारी, अकरा तारखेला, तोकुजी न्याहारी अर्धी टाकून उठले. "इथे जरा जड वाटतंय," म्हणाले आणि छातीवर हात ठेवला.

"चला, जाऊ या."

"अगं, आपला नंबर गुरुवारी आहे."

"अहो, छातीचं आहे ते!"

"चाळीस भरलेत आजचे. मी गेलो तर एक्केचाळीस होतील, आणि ओनोदेरा मला पुन्हा बाकावर उभा करेल." मग हसून म्हणाले, "सुमिए, तुझ्याच अक्षरात लिहिलंय. इतकं सुंदर लिहिलंयस, मोडवत नाही."

मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. सत्तर वर्षांच्या बाईला नवऱ्याने अक्षराचं कौतुक केलेलं आवडलं, आणि मी त्यांच्या पाठीला गरम कापड लावून दिलं.

मंगळवारी त्यांचा चेहरा मातीसारखा दिसत होता. त्या दिवशी तोमे-सान यांचा नंबर होता. म्हटलं, अदलाबदल करून घेऊ, चाळीसचे चाळीस राहतील. मी त्यांच्या दाराशी गेले तर बाई दारातच उभ्या. आदल्या दिवशी केस कुरळे करून घेतलेले, जांभळा कोट, हातात उशी. वर्षभरात इतक्या नटलेल्या मी त्यांना पाहिल्या नव्हत्या.

"कशी दिसते मी?" त्यांनी विचारलं. "सहा महिन्यांनी जातेय हो. नुसत्या घरात बसून जीव उबगला होता."

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "छान दिसताय. जपून जा."

आणि घरी आले. अदलाबदल न करताही जाता येतं, हातगाडी काढावी आणि नवऱ्याला घेऊन सरळ जावं, हे मला सुचलंच नाही. सहा वर्षांपूर्वी मी कोणाला विचारलं होतं? पण तेव्हा पाटी नव्हती.

बुधवारी सकाळी तोकुजी मुळे टांगायला लागले. वळचणीखाली दोऱ्यांवर ओळीने मुळे वाळत घालायचे आणि मग ते लोणच्याला जायचे, हे काम ते मला करू देत नसत. मी आत तांदूळ धूत होते. शिडी पडल्याचा आवाज आला.

हातगाडी मुळ्यांनी काठोकाठ भरली होती. ती आधी रिकामी करावी लागली. मी दोन्ही हातांनी मुळे उपसत होते, ते संपेचनात. शेवटी गाडीच उलटी केली. त्यांना कसं उचललं ते मला आठवत नाही. उतार तोच होता, पण माझं वय सहा वर्षांनी वाढलं होतं आणि गुडघा खरेदीला नेऊनही बरा झाला नव्हता.

रुग्णालयाचं दार उघडलं तर बाकड्यांवर चाळीस धडधाकट माणसं आपापल्या उशांवर बसली होती. ओनोदेरा-सान यांनी यादीवरून मान वर केली. "इवाबुची, तुमचा गुरुवा—" इतकं त्यांच्या तोंडून गेलं आणि मग त्यांनी गाडीत पाहिलं.

सगळे उठून उभे राहिले. सेन्सेई तपासायच्या खोलीतून धावत आले, एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी पाऊण तास प्रयत्न केले. चाळीस माणसं पाऊण तास उभी होती, एकही बसलं नाही.

मग सेन्सेई बाहेर येऊन माझ्यासमोर जमिनीवरच बसले.

"कधीपासून दुखत होतं?"

"सोमवारपासून."

"मग सोमवारी का नाही आलात?"

"नंबर गुरुवारी होता."

त्यांनी पायातली उरलेली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सुमिए-सान, मला दुसरा डॉक्टर हवा होता. तुम्ही मला रिकामी खोली दिलीत. कोण येत नाहीये, याची मी रोज काळजी करायचो. तोकुजी-सान यांची तर फाइल मी टेबलावरच ठेवली होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"एवढ्या प्रेमाने केलं होतं तुम्ही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला त्यांचा राग आला नाही. स्वतःची किळस आली. आणि राग आला तो तोकुजींचा. अजून येतो. जन्मभर एक नियम धड पाळला नाही ह्या माणसाने, आणि पाळला तो हा.

डिसेंबरात ओनोदेरा-सान माझ्याकडे आले. काळा कोट, हातात पाकीट. तोकुजींच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले आणि पाकिटातलं पत्र तिथे ठेवलं. रुग्णालय राहणार होतं. शिवाय आठवड्यातून दोन दिवस शहरातून दुसरा डॉक्टर येणार होता.

"बरोबर आठशे भरले," ते म्हणाले. "सुमिए-सान, पहिल्या आठवड्यात सर्दीमुळे एक जण आला नव्हता. सातशे नव्व्याण्णवच होणार होते. तोकुजींचा बुधवार धरला गेला, म्हणून."

"आणि गुरुवार?"

"गुरुवारी तुमच्या जागी मी गेलो."

त्यांना वाटलं, मला बरं वाटेल. खरंच तसं वाटलं त्यांना, तीन बाकं पुढच्या मुलाला. मी चहा केला, आम्ही प्यायलो. जाताना त्यांनी पिशवीतून पाटी काढून माझ्यासमोर ठेवली. पुढच्या वर्षासाठी नवी योजना लिहायची होती. मजकूर त्यांनी आणला होता, दोन पानं भरून.

ती दोन पानं मी चुलीत घातली. ब्रश काढला, शाई घोटली. चौकोन आखले नाहीत. कागदाच्या मधोमध लिहिलं, 'दुखलं तर त्याच दिवशी जा.' अक्षर वाईट आलं. तसंच राहू दिलं.

शिक्का मारून पाटी तोमे-सान यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा लावून वाचली, उलटून पाहिली, मागे काही नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोणी कधी जायचं?"

"दुखेल तेव्हा."

"तसं तर परवापासून ह्या कुशीत लचकतंय माझ्या. श्वास घेतला की." मग घाईघाईने म्हणाल्या, "पण किरकोळ आहे हो. आज सेन्सेई कामात असतील. आणि केसही केलेले नाहीत."

मी घरी गेले, हातगाडीतली शिडी काढून ठेवली आणि तळाशी माझी निळी उशी टाकली. गाडी त्यांच्या दाराशी आणून उभी केली.

"बसा."

"अहो, लोक बघतील!"

"बघू देत."

त्या बसल्या, पाटी मांडीवर घेऊन. उतारावर एकदोघांनी दारातून पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. आम्हाला आठ मिनिटं लागली.